बिनधुराच्या दारूचे दप्तर

वैशाखाच्या अखेरीस नागपूर, वर्धा, भंडारा आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांत पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास रेंगाळू लागला म्हणजे पाणी किती दिवसांआड येणार, वीज टिकणार की नाही आणि पेरणीपूर्वी बियाणे हाती पडणार की नाही, या चिंतांनी वृत्तपत्रांचे रकाने भरून जातात. परंतु याच चार जिल्ह्यांत, पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा कोठारात, भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरात, भद्रावतीच्या आयुधनिर्माणीत आणि नागपूरच्या आसपासच्या खासगी कारखान्यांत जी द्रव्ये तयार होतात वा साठवली जातात, त्यांनाही उन्हाळा बाधतो, ही गोष्ट स्फोटाचा आवाज कानी पडेपर्यंत कोणाच्या ध्यानी येत नाही. ३१ मे २०१६ रोजी पुलगावला, १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळच्या बाजारगावला आणि २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरला तो आवाज झाला. प्रत्येक वेळी मृतांच्या याद्या छापून आल्या, भरपाईच्या रकमा जाहीर झाल्या, तहकिकातीचे हुकूम सुटले, आणि महिन्याभरात सर्वत्र सामसूम झाली. या तिन्ही ठिकाणी मुख्यतः उच्च स्फोटकांचा प्रश्न होता, म्हणून त्या दुर्घटनांचा दोष बिनधुराच्या दारूच्या माथी मारण्याचा माझा हेतू नाही. मला लिहावयाचे आहे ते याच दारूविषयी, कारण बंदुकीच्या काडतुसापासून तोफेच्या गोळ्यापर्यंत सर्व अस्त्रे जिच्या जोरावर चालतात त्या या द्रव्याची घातकता आवाज होण्याच्या कितीतरी आधी, कोठाराच्या काळोखात आणि कामगाराच्या रक्तात, वर्षानुवर्षे मुकाट्याने चालू असते. आणि तिचा बंदोबस्त करावयाचा तर दोन वह्या प्रामाणिकपणे ठेवाव्या लागतात, एक दारूच्या वयाची आणि दुसरी माणसाच्या प्रकृतीची.

जुन्या काळ्या दारूचा, म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा कुटून केलेल्या मिश्रणाचा, स्वभाव निराळा होता. ठिणगीला ती अत्यंत हळवी, परंतु कोरड्या जागी ठेवली तर पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहणारी. गडावरच्या दारूकोठारांच्या जाड भिंती आणि चिंचोळी दारे यांच्यामागे ठिणगीचा आणि पावसाळी ओलीचा विचार होता. बिनधुराच्या दारूचे घटक मात्र कापसाच्या तंतूवर नत्राम्ल आणि गंधकाम्ल यांची क्रिया करून बनवलेले नायट्रोसेल्युलोज आणि पुष्कळदा त्याच्या जोडीला नायट्रोग्लिसरीन हे असतात. ही दोन्ही संयुगे जन्मतःच अस्थिर असल्यामुळे तयार झाल्या दिवसापासून त्यांचे विघटन अतिशय मंद गतीने सुरू होते. विघटनातून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात, ओलाव्याशी संयोग पावून त्यांचे आम्ल होते, ते आम्ल उरलेल्या द्रव्याचे विघटन आणखी वेगाने घडवते, त्यातून उष्णता उत्पन्न होते, आणि साठा मोठा असून त्या उष्णतेला बाहेर पडावयास वाट नसेल तर एके दिवशी तो ठिणगीवाचून, स्पर्शावाचून, आपण होऊन पेट घेतो. हे टाळण्यासाठी दारूत डायफेनिलअमाइनसारखे स्थिरक सामान्यतः एक टक्क्याच्या आसपास मिसळलेले असते. बाहेर पडणारी ऑक्साइडे ते शोषून घेते आणि शोषता शोषता स्वतः खर्च होत जाते. म्हणून दारू किती वर्षे सुरक्षित राहील हे तिच्या पेटीवरच्या तारखेवरून कळत नाही, आत स्थिरक किती उरले आहे यावरून कळते. आणि तापमान दहा अंशांनी चढले की विघटनाचा वेग दुपटीहून अधिक होत असल्यामुळे थंड मुलुखातील दहा वर्षे आणि विदर्भातील पत्र्याच्या छपराखालची दहा वर्षे यांची गणना एका हिशेबाने करता येत नाही. अमेरिकी सैन्याच्या शिरस्त्याप्रमाणे स्थिरकाचे प्रमाण ०.२ टक्क्यांखाली उतरले की तो साठा साठवणीस धोकादायक ठरतो आणि लवकरात लवकर नष्ट करावा लागतो.

हे ज्ञान मनुष्यजातीला स्वस्तात मिळालेले नाही. १८४६ साली बासल येथे शोनबाइन याने स्फोटक कापसाचा, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा, शोध जाहीर केला आणि पुढच्याच वर्षी, जुलै १८४७ मध्ये, इंग्लंडातील फॅव्हरशॅम येथील त्याचा कारखाना कामगारांसह उडाला. पोकळ तंतूंत अडकून राहिलेले आम्ल धुऊन निघाल्याशिवाय हे द्रव्य विश्वासास पात्र होत नाही, हे फ्रेडरिक एबल याने कापसाचा लगदा करून दाखवून दिले तेव्हा कोठे पुढचा मार्ग मोकळा झाला. १८८४ मध्ये फ्रान्सात पॉल व्हिएय याची दारू, १८८७ मध्ये नोबेलचे बॅलिस्टाइट आणि १८८९ मध्ये एबल व ड्युअर यांचे कॉर्डाइट अशी ती परंपरा झपाट्याने वाढली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या देशातही निलगिरीच्या थंड हवेत अरुवनकाडू येथे कॉर्डाइटचा कारखाना उभा राहिला. परंतु कारखाने वाढले त्या मानाने सावधगिरी वाढली नाही. १२ मार्च १९०७ रोजी तूलों बंदरातील सुक्या गोदीत दुरुस्तीसाठी उभी असलेली 'इएना' ही फ्रेंच युद्धनौका आणि २५ सप्टेंबर १९११ च्या पहाटे त्याच बंदरात 'लिबर्ते' ही दुसरी युद्धनौका शत्रूचा एकही गोळा न लागता स्वतःच्या कोठारातील नासलेल्या दारूमुळे फुटली. पहिल्या स्फोटात शंभराहून अधिक आणि दुसऱ्यात अडीचशेहून अधिक माणसे गेली. फ्रेंच दारूत तोवर स्थिरक म्हणून अमाइल अल्कोहोलवर भिस्त होती. डायफेनिलअमाइनला तेथे मानाचे स्थान मिळाले ते या प्रेतांच्या राशी पाहिल्यानंतर.

त्याच काळातील एक हकीकत मला या सर्व आपत्तींपेक्षाही अधिक उद्‌बोधक वाटते. दारू नासू लागली आहे काय हे पाहण्यासाठी एबलने एक परीक्षा बसवून दिली होती: नमुना ठराविक उष्णतेवर तापवावयाचा, वर पिष्ट आणि पोटॅशियम आयोडाइड लावलेला कागद धरावयाचा, आणि बाहेर पडणाऱ्या वाफांनी तो किती मिनिटांत रंगतो ते मोजावयाचे. पुढे असे आढळले की स्फोटक कापसात मर्क्युरिक क्लोराइड हे पाऱ्याचे लवण अल्पांशाने जरी असले तरी कागद रंगावयास पुष्कळ विलंब लागतो. ते लवण बुरशी धरू नये या निमित्ताने मिसळले जाई, आणि त्याच्या योगाने हलक्या प्रतीचा मालही परीक्षेस उतरत असे. कागद कोरा राहिला, दप्तरात अनुकूल शेरा पडला, माल जहाजांवर आणि कोठारांत रवाना झाला, आणि आतील दारू पूर्वीच्याच गतीने नासत राहिली. तपासणी होते की नाही एवढेच विचारून जे समाधान पावतात त्यांनी हे प्रकरण लक्षपूर्वक अभ्यासावे. तपासणी कोण करतो, कोणत्या रीतीने करतो, आणि ज्याचा माल त्याच्याच हाती परीक्षेची साधने आहेत काय, हे प्रश्न तपासणीइतकेच महत्त्वाचे आहेत.

आज स्थिरकाचे प्रमाण अचूक मोजण्याची साधने आपल्याजवळ आहेत, आणि ती हाताळणारी माणसेही. १९०८ साली नैनिताल येथे रासायनिक परीक्षकाची जी लहानशी कचेरी सुरू झाली तिचीच परंपरा १९६० साली पुण्यास आली आणि पाषाण येथील उच्च-ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेच्या रूपाने आज नांदते आहे. स्फोटकांचे परवाने देणारी केंद्रीय संस्था नागपुरातच बसते. १८८४ चा स्फोटक अधिनियम आणि २००८ चे नियम छापून तयार आहेत. उणीव आहे ती या ज्ञानाला कोठाराच्या दारापर्यंत नेण्याची. प्रत्येक साठ्याचे तयार झाल्यापासूनचे ऊन-पावसाचे वृत्त, म्हणजे तो किती काळ कोणत्या तापमानात राहिला, रेल्वेच्या वाघिणीत किती दिवस तापत पडला, आणि दर खेपेच्या परीक्षेत स्थिरक किती उरले होते, हे एका अखंड नोंदवहीत असले पाहिजे, आणि ती वही साठा जेथे जाईल तेथे त्याच्याबरोबर गेली पाहिजे.

नायट्रोसेल्युलोजचा हा स्वभाव दारूपुरता मर्यादित नाही. जुन्या चित्रपटांच्या फिती याच द्रव्याच्या असत. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातील शेकडो चित्रपटांची नायट्रेट रिळे जळून खाक झाली आणि आपल्या चित्रपटकलेच्या आरंभकाळाचा एक मोठा भाग कायमचा नाहीसा झाला. १२ ऑगस्ट २०१५ रोजी चीनच्या तिएन्जिन बंदरात जो प्रलय झाला त्याची सुरुवातही, सरकारी चौकशीच्या निष्कर्षानुसार, एका पेटाऱ्यातील नायट्रोसेल्युलोजला ओले ठेवणारे द्रव्य उन्हाळ्याच्या उष्म्यात उडून गेल्यामुळे झाली. पुढे शेजारच्या अमोनियम नायट्रेटने पेट घेतला आणि १६५ माणसे मेली. परंतु या सर्वांत कामगारांना आणि डॉक्टरांना जी घटना मुखोद्‌गत असावयास हवी ती अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरातील एका रुग्णालयाची. १५ मे १९२९ रोजी तेथे तळघरात ठेवलेल्या नायट्रेट क्ष-किरण फिती तापून धुमसू लागल्या, त्यांचे तपकिरी-पिवळे धूर जिन्यांवाटे वरच्या मजल्यांवर पसरले आणि सव्वाशेच्या आसपास माणसे मेली. त्यांतली कित्येक भाजली नव्हती, जखमी नव्हती, काही तर स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आली होती आणि काही तासांनी श्वास कोंडून गेली.

नायट्रोजन डायऑक्साइड या वायूचे कपट असे आहे. तो हुंगल्यावर खोकला येतो, घसा चुरचुरतो, मग बरे वाटू लागते, माणूस घरी जातो, जेवतो. आणि सहा तासांनी, बारा तासांनी, कधी दिवस उलटल्यावर, फुप्फुसांत पाणी भरू लागते. म्हणून दारूच्या आगीचा वा धुमसणीचा धूर ज्याच्या छातीत गेला आहे त्याला, तो कितीही ठणठणीत दिसत असला, 'मला काही झालेले नाही' असे तो कितीही परोपरीने सांगत असला, तरी किमान एक अहोरात्र रुग्णालयात देखरेखीखाली ठेवलेच पाहिजे. जवाहरनगर, पुलगाव, भद्रावती यांच्या भोवतालच्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आणि आरोग्य केंद्रात हा नियम मराठीत मोठ्या अक्षरांत लावलेला असावा, ही या लेखातील माझी पहिली मागणी आहे. तिला खर्च जवळजवळ नाही आणि तिने प्राण वाचतील. आग विझवणाऱ्यांनीही हे जाणून असावे की या दारूच्या पोटातच प्राणवायू असल्यामुळे वाळू टाकून वा झाकण लावून ती कोंडता येत नाही, आणि कोंडण्याचा प्रयत्न केल्यास जी वस्तू उघड्यावर नुसती भडकून जळाली असती ती दाब साचून स्फोट पावते. भरपूर पाण्याने दुरून गार करणे आणि माणसे लांब नेणे एवढाच मार्ग उरतो.

आता माणसाच्या प्रकृतीकडे वळतो, कारण या बाबतीत आपण दारूच्या वयापेक्षाही अधिक बेपर्वा आहोत. नायट्रोग्लिसरीन रक्तवाहिन्या सैल करते; १८७९ साली लंडनच्या विल्यम मरेल याने हृदयशूळावर त्याचा उपयोग प्रसिद्ध केला, आणि आजही छातीत कळ आली की जिभेखाली जी गोळी धरतात ती याच कुळातली. परंतु जे औषध मोजून मापून जिभेखाली घ्यावयाचे, ते कारखान्यात दिवसभर श्वासावाटे आणि त्याहून अधिक त्वचेवाटे शरीरात शिरत असते. नव्या कामगाराचे पहिल्या दिवशी डोके असह्य ठणकते, तोंड लाल होते, उभे राहिल्यावर भोवळ येते. दोन-चार दिवसांत शरीर त्याला सरावते आणि कामगारास वाटते की आपण टणक झालो. साप्ताहिक सुटीत तो सराव उतरतो, आणि सुटीनंतरच्या पहिल्या पाळीला तीच डोकेदुखी पुन्हा उभी राहते. याच्याही पुढची गोष्ट अशी की वर्षानुवर्षे या द्रव्याच्या सहवासात राहिलेल्या काही कामगारांच्या हृदयाच्या रोहिण्या त्याचा पुरवठा एकाएकी थांबताच आकसतात, आणि सुटीच्या दिवशी किंवा सुटी संपल्यानंतरच्या सकाळी, कामावर पाऊल टाकण्यापूर्वीच, छातीत कळ येऊन मृत्यू येतो. असा मृत्यू घरी झालेला असतो, कारखान्याच्या फाटकाबाहेर. त्याचा दाखला साध्या हृदयविकाराचा होतो आणि कारखान्याच्या दप्तरात त्याची एक ओळही पडत नाही.

नायट्रोग्लिसरिनच्या बरोबरीने इतरही द्रव्ये आहेत. काही दारूंत डायनायट्रोटोल्यूइन असते. ते रक्तातील प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेते, ओठ आणि नखे निळसर पडतात, यकृताला इजा होते, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याच्या २,४ या प्रकाराची गणना कर्करोगास संभाव्यतः कारणीभूत असणाऱ्या द्रव्यांत केली आहे. दारू मऊ करणारे डायब्यूटाइल थॅलेट प्रजननास अपायकारक मानले जाते. ईथर आणि अ‍ॅसिटोन यांच्या वाफांनी गुंगी येते, आणि गुंगलेला हात दारूवर असणे हे स्वतःच एक संकट आहे. यांतील पुष्कळ द्रव्ये कातडीवाटे जात असल्यामुळे तोंडाला फडके बांधून भागत नाही. योग्य जातीचे हातमोजे आणि ते वेळेवर बदलण्याची मुभा, कामाचे कपडे कारखान्यातच काढून तेथेच धुण्याची सोय, अंघोळीसाठी पाळीच्या वेळेतच मिळणारी पंधरा-वीस मिनिटे, आणि जेवणाची जागा कामाच्या जागेपासून पूर्णपणे अलग, या साध्या गोष्टी येथे औषधाहून मोलाच्या आहेत. जो सदरा घरी जातो तो बायको धुते, त्याच्याशी मूल लडिवाळपणा करते, आणि त्या दोघांची नावे कोणत्याच हजेरीपटावर नसतात.

कायद्याने याची दखल घेतलेली नाही असे म्हणता येणार नाही. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात नायट्रोग्लिसरिनमुळे होणारे विकार व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आले होते. परंतु यादीत रोग असणे आणि रोग्याने तो सिद्ध करणे यांच्यामध्ये एक मोठी दरी आहे, आणि ती ओलांडण्याचा पूल म्हणजे दर सहा महिन्यांची रक्ताची, रक्तदाबाची आणि हृदयाच्या आलेखाची नोंद. कायम कामगाराच्या बाबतीत ती नोंद निवृत्तीच्या दिवशी बंद पडते, वस्तुतः ती त्यानंतर अनेक वर्षे चालू राहावयास हवी. आणि ठेकेदारामार्फत हंगामापुरता येणारा मजूर, जो आज या कारखान्यात आणि उद्या त्या, त्याची प्रकृती-वही असतेच कोठे? ती त्याच्या नावाने निघून त्याच्या हाती राहिली पाहिजे, म्हणजे मालक बदलला तरी पूर्वीच्या वर्षांचा पुरावा पुसला जाणार नाही.

गावोगावच्या परवानाधारकांसाठीही दोन शब्द आवश्यक आहेत. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि घाटमाथ्यावर शेतीच्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुका अद्याप परवान्यावर वापरात आहेत. त्या काळ्या दारूच्या दाबासाठी घडवलेल्या असतात, आणि आधुनिक काडतूस फोडून त्यातली दारू अशा नळीत भरणे म्हणजे नळी फुटून स्वतःचा हात आणि डोळे गमावण्याची सिद्धता करणे होय. घरात वडिलांच्या काळापासून पडून असलेली काडतुसे, विशेषतः ज्यांच्या पितळेवर हिरवे-निळे चट्टे उमटले आहेत किंवा ज्यांच्या पेटीतून झोंबरा आम्लाचा दर्प येतो, ती उघडू नयेत, उन्हात वाळवू नयेत, चुलीत वा विहिरीत टाकू नयेत. पोलीस ठाण्यास वर्दी देऊन ती तज्ज्ञांच्या हवाली करावीत.

कालबाह्य दारूची विल्हेवाट हा या प्रश्नाचा शेवटचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात कॅम्प मिंडेन येथे एका खासगी ठेकेदाराने सैन्याकडून नष्ट करण्यासाठी घेतलेली सुमारे ६८०० टन दारू गैररीतीने, काही तर उघड्यावर, रचून ठेवली होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये तेथे स्फोट झाला तेव्हा हे उघडकीस आले. सरकारी यंत्रणेने ती उघड्या मैदानात जाळण्याचे योजले, तेव्हा तेथील रहिवाशांनी एकजुटीने विरोध करून धूर गाळणाऱ्या बंद भट्टीचा आग्रह धरला, तो मान्य करून घेतला, आणि २०१७ पर्यंत ते काम तसेच पुरे झाले. आपल्याकडे २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावजवळच्या मैदानावर कालबाह्य स्फोटके नष्ट करताना सहा जण मृत्युमुखी पडले आणि त्यांत रोजंदारीवर बोलावलेले आसपासच्या गावांतले मजूर होते. ज्या कामासाठी सर्वांत कसलेला माणूस हवा त्या कामाला दिवसाच्या मजुरीवर गावकरी लावले जातात, हे कोणत्याही सुसंघटित राज्याला शोभणारे नाही.

या मागण्यांवर राष्ट्ररक्षणाच्या गुप्ततेचे कारण पुढे येईल, आणि ते सर्वस्वी अनाठायी नाही. कोठारात किती टन दारू आहे, कोणत्या तोफेसाठी आहे, हे रस्त्यावर सांगण्याची कोणी अपेक्षा करीत नाही. परंतु भंडाऱ्याच्या एखाद्या कामगाराच्या रक्तदाबात अथवा बाजारगावच्या मजुराच्या हृदयालेखात कोणतेही लष्करी रहस्य दडलेले नाही, आणि साठ्याचा आकार झाकून ठेवूनही त्याच्या स्थिरकाची टक्केवारी त्या साठ्याशी ज्याचा संबंध नाही अशा तज्ज्ञाकडून तपासून घेता येते. नागपूरच्या स्फोटक सुरक्षा संघटनेने, राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने आणि संरक्षण खात्याने एकत्र बसून ही दोन दप्तरे पुढील उन्हाळ्यापूर्वी सुरू करावीत: साठ्यांच्या दप्तराची उलटतपासणी पाषाणच्या प्रयोगशाळेकडे असावी, आणि कामगारांच्या दप्तराची एक प्रत कामगारापाशी, एक जिल्हा रुग्णालयात. त्या दुसऱ्या दप्तरात सुटीनंतरच्या सकाळी घरी झालेल्या मृत्यूंसाठी स्वतंत्र रकाना असावा, आणि तो भरण्याची जबाबदारी कारखान्यावर न ठेवता जिल्हा शल्यचिकित्सकावर ठेवावी.